नोंद नसलेलं गाव

आमच्या बाई कुणाला ‘डेटा’ म्हणू देत नसत. एखादा विद्यार्थी पेनड्राइव्ह घेऊन दारात उभा राहिला आणि म्हणाला, “बाई, माझा डेटा चालत नाहीये,” की त्या चष्म्यावरून बघत आणि विचारत, “माणसं किती हायेत?” त्यानं “चारशे ऑब्झर्व्हेशन्स” म्हटलं तर पुन्हा तेच, जरा मोठ्यानं. “माणसं किती, माणसं?” शेवटी तो “चारशे घरं आहेत, बाई,” असं म्हणाला की त्या पायानं स्टूल पुढं सरकवत. तेव्हा कुठं बसायला मिळे.

परभणीत स्टेशनपासून चालत जाण्याच्या अंतरावर आमचं संशोधन केंद्र होतं. मी तिथं ऊसतोडीला जाणाऱ्या घरांवर पीएच.डी. करत होते आणि बाई संगणकाच्या खोलीत तांत्रिक सहायक होत्या. कंत्राटी. दर अकरा महिन्यांनी नवा कागद. त्याआधी वीस वर्षं त्या गावोगाव फिरून पाहणीचे फॉर्म भरायच्या. चुडाव्यापासून जिंतूरपर्यंत त्यांना न ओळखणारं गाव सापडणं कठीण. मग गुडघे गेले, तेव्हा त्यांना संगणकापुढं बसवलं. इंग्रजी शाळेपुरतं. शाळेतलीच फाटकी डिक्शनरी मांडीवर घेऊन त्यांनी आकडेमोडीच्या सॉफ्टवेअरची मदतीची पानं एकेक करून वाचली. चारपाच वर्षांत अशी वेळ आली की मोठमोठे प्राध्यापक आपल्या बिघडलेल्या स्क्रिप्टा, म्हणजे सॉफ्टवेअरला द्यायच्या हुकमांच्या याद्या, घेऊन त्यांच्याकडे यायचे आणि आल्याचं कुणाला सांगायचे नाहीत.

खोलीत त्या पंखा लावू देत नसत. परभणीचा मे महिना असला तरी नाही. फॉर्म उडतात म्हणायच्या, फॉर्म कपाटात असले तरी. चाकांच्या खुर्चीवर त्या कधी बसल्या नाहीत. “पळत्या खुर्चीवर बसून एका जागी ध्यान लागतंय व्हय?” अकराच्या ठोक्याला डबा उघडायचा, भाकरी न् ठेचा, आणि त्या वेळात कुणी काही विचारलं तर उत्तर मिळायचं नाही. लग्न झालं होतं का, नवरा होता का, हे विचारायची हिंमत कुणाला झाली नाही. वालूरला भाऊ होता एवढं ठाऊक होतं, कारण शनिवारी त्या वालूरच्या गाडीला जायच्या.

लूपला त्या फेरी म्हणत. चाळीस गावांसाठी तेच गणित करायचं असेल तर ते चाळीसदा लिहायचं नसतं. एकदाच लिहायचं आणि सॉफ्टवेअरला सांगायचं, गावामागून गाव घे आणि हेच कर. “आमीबी तेच करायचो,” बाई म्हणत, “पायानं.” फेरी अडली की त्या स्क्रिप्ट बघायच्याच नाहीत. आधी विद्यार्थ्यानं ती मोठ्यानं वाचायची, आणि पहिली तीन गावं कागदावर हातानं करून दाखवायची. निम्म्या चुका तिथंच सापडत.

मी पहिल्यांदा त्यांच्याकडे गेले तेव्हा माझी फेरी चाळीस गावांऐवजी एक्केचाळीस गावं करत होती. तीन दिवस मी डोकं धरून बसले होते. बाईंनी मला गावांची यादी वाचायला लावली. शेवटाजवळ आल्यावर त्यांनी हात वर केला.

“थांब. काय म्हणलीस?”

“वालूर.”

“आन त्याच्या आदी?”

त्याच्या आधीही वालूरच होतं, फक्त ‘लु’ ऱ्हस्व. टाइप करणाऱ्यानं दोन दिवस दोन तऱ्हेनं लिहिलं होतं आणि सॉफ्टवेअरनं दोन गावं धरली होती.

“माझ्या गावाचे दोन तुकडे केलेस की गं, माय,” त्या म्हणाल्या आणि हसल्या. त्यांना हसताना मी पाहिलं ते बहुतेक तेवढंच.

एरवी त्या कठोर होत्या. एकानं घरी बसून फॉर्म भरले होते, ते त्यांनी पाच मिनिटांत ओळखलं. प्रत्येक घरात माणसं पाचच, प्रत्येकाच्या वयाला पाचानं भाग जाणारा. सगळ्यांदेखत त्यांनी त्याच्या फॉर्मांच्या प्रिंटाचे दोन तुकडे करून त्याच्या हातात दिले आणि पुढं वर्षभर त्याच्या नमस्कारालाही उत्तर दिलं नाही. तो चांगल्या घरचा मुलगा होता, केंद्र सोडून गेला. मला तेव्हा बाईंचा राग आला होता. निष्कर्ष भक्कम असला की सॉफ्टवेअर आकड्यापुढं तारे छापतं, त्या ताऱ्यांवरून कुणी खूष झालं की त्या म्हणत, “चांदण्या मोजायलीस. माणसं मोज आदी.”

संगणकाला त्या ‘येडं’ म्हणायच्या. “येडं हाय ते. सांगितलं तेवढंच करतंय. चुकलं तर वरडतंय, त्याला भ्यायचं न्हाई. गप बसलं की भ्यायचं.”

त्या सॉफ्टवेअरमध्ये एक छोटासा शब्द आहे. एखाद्या ओळीच्या आधी तो लिहिला की त्या ओळीत चूक आली तरी काम थांबत नाही. लाल अक्षरं दिसत नाहीत, फेरी मुकाट्यानं पुढं जाते. बाई त्याला तोंड दाबणं म्हणायच्या. त्यांच्या खोलीत तो शब्द वापरायला बंदी होती.

मी तो वापरला.

झालं असं, की ऊसतोडीला जाणाऱ्यांच्या मुलांसाठी कोणत्या गावात हंगामी वसतिगृह लागेल, हे सांगायचं सरकारी काम केंद्राला मिळालं. आईबाप उसाच्या फडात तोडणीला गेले तरी मुलं गावातच राहावीत, जेवावीत, शाळेत जावीत, म्हणून ही वसतिगृहं. चाळीस गावांत दोनदा पाहणी झाली, पावसाळ्याच्या शेवटी आणि पुन्हा थंडीत. घराला गावात काम मिळालं नाही की मुलांची शाळा किती बुडते, हे प्रत्येक गावासाठी एका आकड्यात काढायचं होतं. आकडा मोठा, तर गरज मोठी. स्क्रिप्ट लिहायचं काम आमच्या संचालक सरांनी माझ्याकडे दिलं. तेच माझे मार्गदर्शकही होते.

स्क्रिप्ट सारखी मध्येच थांबत होती. सर रोज विचारत होते. बाईंकडे जायचं म्हणजे मोठ्यानं वाचा, हातानं करा, बोलणी खा. मी तो शब्द टाकला. एका मिनिटात चाळीस गावांचं कोष्टक तयार झालं. सरांनी पाठ थोपटली. अहवाल पावसाळ्याआधी गेला, दसऱ्याच्या सुमाराला यादी मंजूर झाली, आणि दिवाळीनंतर ऊसतोडीच्या टोळ्या निघून गेल्या.

मार्गशीर्षात मी तेच कोष्टक प्रबंधातल्या प्रकरणासाठी छापायला बाईंकडे दिलं. त्यांनी चष्मा बदलला आणि बोट लावून खाली येऊ लागल्या. एका ठिकाणी बोट थांबलं.

“ही दोन गावं जुळी हायेत का गं?”

मी वाकून पाहिलं. लागोपाठच्या दोन गावांपुढं एकच आकडा होता. दशांशाच्या आठव्या घरापर्यंत तोच.

“एक कालव्याकाठचं, ऊस लावणारं,” बाई म्हणाल्या. “दुसरं गंगाखेडच्या पुढं डोंगरातलं, ऊस तोडाया जाणारं. ह्येंचं दुख आठव्या घरापतूर सारखं?”

त्यांनी स्क्रिप्ट उघडायला लावली. तो शब्द दिसला तेव्हा त्यांनी जेवणाचा रिकामा डबा पुढं ओढला, एका चिठ्ठीवर कालव्याकाठच्या गावाचं नाव लिहून डब्यात टाकली.

“हा निकाल. आता पुढचं गाव. त्याची माणसं किती? मोजून दाव.”

मी मोजायचा हुकूम दिला. पडद्यावर शून्य आलं. थंडीत पाहणीला गेलेल्यांना त्या गावात बावीसपैकी एकाही घरात कुणी भेटलं नव्हतं. सगळे फडात गेले होते. फॉर्म कोरे परत आले होते.

“माणूसच न्हाई, मग गणित कुठलं? येडं वरडलं आसंल. तू तोंड दाबलंस. नवी चिठ्ठी पडलीच न्हाई.” त्यांनी डब्यातली जुनीच चिठ्ठी काढली आणि माझ्यापुढं ठेवली. “आन तू हीच वाचलीस, त्येंच्या नावानं.”

कालव्याकाठच्या गावात मुलं शाळेत जात होती. आकडा छोटा होता. तोच डोंगरातल्या गावापुढं लागला आणि त्या गावापुढं ‘आवश्यकता नाही’ असा शेरा पडला. ज्या गावातलं एकूण एक घर उठून गेलं होतं, त्या गावापुढं.

“चल सरांकडं,” बाई म्हणाल्या. डबा तसाच उघडा राहिला.

सरांनी शांतपणे ऐकलं. खिडकीशी गेले, परत आले.

“स्क्रिप्ट तू लिहिलीस, हे मला माहीत आहे. पण तपासली कोणी होती?”

मी खाली बघत म्हणाले, “बाईंनी.”

ते खोटं होतं. ती स्क्रिप्ट बाईंनी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली होती. त्यांनी मान वळवून एकदा माझ्याकडं बघितलं. मग सरांना म्हणाल्या, “चूक कुणाची ते मागून बगा, सर. यादी दुरुस्त करायला लावा. लेकरं फडात हायेत.”

“यादी मंजूर झाली आहे, बाई. आता एक गाव चुकलं म्हणून कळवलं तर बाकीच्या एकोणचाळीसवर संशय घेतील. पुढचं कामही जाईल. पुढच्या अहवालात दुरुस्त करू ना.”

“पुढच्या साली लेकरं मोठी व्हतील.”

“बाई, तुमच्या कामाची मला जाणीव आहे,” सर म्हणाले. त्याचा अर्थ तुम्ही आता जा.

बाईंनी तीन दिवस वाट पाहिली. मग स्वतःच्या हस्ताक्षरात पत्र लिहून संबंधित सरकारी कार्यालयाला पाठवलं. कार्यालयानं ते, आपला खुलासा करावा, असा शेरा मारून सरांकडेच परत पाठवलं. सरांनी खुलासा केला. तपासणीची जबाबदारी तांत्रिक सहायकाची होती आणि त्यांचं कंत्राट यापुढं वाढवण्यात येणार नाही. तो कागद टाइप झाला तेव्हा मी शेजारच्या टेबलावर होते. उठून काही बोलावं असं मला त्या अर्ध्या तासात चारपाच वेळा वाटलं. माझा प्रबंध सरांच्या सहीवाचून पुढं जाणार नव्हता.

शेवटच्या दिवशी बाईंनी कीबोर्ड फडक्यानं पुसला, डिक्शनरी पिशवीत टाकली आणि दारातून मला म्हणाल्या, “पंखा लाव आता.”

पाडवा झाल्यावर त्यांचा फोन आला. “माणसं परतलीत. फॉर्म भरून घिऊ. येतीस?”

मी नाही म्हणू शकले नाही. कोरे फॉर्म आणि पावसाळ्यातले भरलेले फॉर्म घेऊन मी गंगाखेडच्या गाडीत बसले. बाई आधीच जागा धरून बसल्या होत्या. पुढं जीपनं, मग चालत. गुडघ्यामुळं त्या दर शंभर पावलांवर थांबायच्या आणि मी हात पुढं केला की झटकायच्या.

गावात पत्र्याची घरं, दारात उलट्या घातलेल्या बादल्या, सहा महिने बंद असलेल्या खोल्यांचा वास. बाई विचारत होत्या, मी लिहीत होते. लोक चांगले बोलत होते. फॉर्म म्हणजे काहीतरी मिळेल अशी आशा असतेच.

अकराव्या घरी एक तिशीची बाई तांदूळ निवडत बसली होती. बाईंनी विचारलं, “लेकरं किती गं, माय?”

“दोन.”

माझ्या हातात पावसाळ्यातला फॉर्म होता. मी पटकन म्हणाले, “इथं तीन लिहिलीत.”

ती तांदळातून बोटं फिरवत राहिली. मग म्हणाली, “मधली न्हाई आता. फडात उसाच्या वाळल्या पाचटावर निजली व्हती. ट्रॅक्टर मागं घेताना दिसली न्हाई डायवरला. पाचटासारखंच पांघरूण व्हतं.”

घरातून धाकटं पोर बाहेर आलं आणि तिच्या पाठीला चिकटलं.

“कधी झालं?” बाईंनी विचारलं.

“संक्रांतीच्या आदी. चारपाच दिस.”

मी खाडाखोड न करता नव्या फॉर्मवर दोन लिहिलं. अक्षर माझं नेहमीचंच आलं, याचं मला अजून नवल वाटतं. उरलेली अकरा घरं आम्ही पुरी केली. बाईंनी एकही प्रश्न गाळला नाही.

परतताना जीपमध्ये त्या बाहेर बघत होत्या. गंगाखेड जवळ आलं तेव्हा एवढंच म्हणाल्या, “आपल्याला मार्गशीर्षात कळलं व्हतं.”

ते बावीस फॉर्म मी कपाटात ठेवले. प्रबंध जमा करायची तारीख डोक्यावर होती. मी काय केलं ते सांगते. चाळीस गावांची मी एकोणचाळीस केली. ते गाव कोष्टकातून काढूनच टाकलं आणि खाली ‘पुरेशी माहिती उपलब्ध नाही’ अशी बारीक टीप दिली. कुणी विचारलं नाही. परीक्षकांनी कोष्टकाची तारीफ केली. सरांनी पेढे मागवले.

ज्येष्ठात कळलं की बाई आजारी आहेत. मी मोसंबी घेऊन वालूरला गेले. भावाच्या घरी पुढच्या खोलीत त्या खाटेवर होत्या. साखरेच्या आजारानं पाय सुजून काळे पडले होते, दिसायला कमी आलं होतं. भावजयीनं चहा ठेवला आणि आत गेली. मी मनात ठरवून गेले होते, ते एका दमात बोलून टाकलं.

“बाई, मी सरांपुढं तुमचं नाव घेतलं. खोटं बोलले.”

“मला ठावं हाय की. मी तितंच व्हते.” त्यांच्या आवाजात राग नव्हता. जुनी गोष्ट असल्यासारख्या त्या बोलल्या. मग मान माझ्याकडं वळवून विचारलं, “त्या गावाचा आकडा काय आला?”

मी पिशवीतून मोसंबी काढू लागले.

“काय आला गं?”

“काढला नाही, बाई. फॉर्म कपाटात आहेत.”

बाहेर कुणीतरी बैलाला पाणी दाखवत होतं. मग त्यांनी भिंतीकडं तोंड केलं.

“मग कशाला आलीस?”

चहा तसाच ठेवून मी निघाले.

दुसऱ्या दिवशी मी सकाळपासून बसून ते बावीस फॉर्म संगणकात भरले. मुलांची हजेरी शाळेच्या पटावरून आणली. स्क्रिप्टमधून तो शब्द काढला. फेरी दोनदा अडली, दोन्ही वेळा मी चूक शोधून दुरुस्त केली. संध्याकाळी आकडा आला. चाळीसही गावांत तो सगळ्यात मोठा होता. जुनं कोष्टक आणि नवं कोष्टक जोडून मी माझ्या नावानं पत्र लिहिलं. स्क्रिप्ट माझी होती, तपासायला कुणालाही दिली नव्हती, बाईंचा त्यात काही संबंध नाही, असं स्पष्ट लिहिलं. एक प्रत कार्यालयाला, एक सरांच्या टेबलावर. सरांनी त्यानंतर माझ्याशी बोलणं बंद केलं. केंद्रात मी ज्या जागेवर लागणार होते ती दुसऱ्याला मिळाली. आता मी पूर्णेला एका कॉलेजात शिकवते, पिंगळीवरून रेल्वेनं जाते-येते. याबद्दल माझी तक्रार नाही.

कार्यालयात नवा अधिकारी आला होता. त्यानं कागद मागवले, दोनदा बोलावून विचारलं आणि त्या गावाचं नाव यादीत घातलं. हे सांगायला मी वालूरला फोन केला. भावजयीनं उचलला. बाई आठ दिवसांपूर्वी गेल्या होत्या, श्रावण लागला त्याच दिवशी. तुमचा नंबर आमच्याकडं नव्हता, म्हणाली.

दिवाळीनंतर त्या गावातल्या शाळेत वसतिगृह सुरू झालं. शाळेच्याच दोन खोल्या, सतरंज्या, एक स्वयंपाकीण. टोळ्या निघायच्या दिवशी मी मुद्दाम गेले. रस्त्याला ट्रॅक्टर उभे होते, ट्रॉल्यांत भांडी, सरपण, कोंबड्या चढवणं चाललं होतं. अकराव्या घरची ती तांदूळ निवडणारी बाई उरलेल्या दोन्ही लेकरांना घेऊन आली. दोघांच्या पिशव्या तिनं भिंतीशी नीट लावून ठेवल्या. मला ओळखलं.

“त्या थोरल्या बाई न्हाई आल्या?”

“गेल्या त्या. श्रावणात.”

मी ठरवलं होतं ते तेव्हाच सांगून टाकलं. “ताई, हे वसतिगृह गेल्या वर्षीच मिळायचं होतं तुमच्या गावाला. नाही मिळालं, ते माझ्यामुळं. मी गणित चुकीचं केलं. कळल्यावरही गप्प बसले.”

ती माझ्या तोंडाकडं बघत राहिली.

“तुमी?” ती म्हणाली. “पर त्या थोरल्या बाईनं तर तिची चूक म्हणून सांगितलं व्हतं.”

“कधी?”

“चैतात. तुमी दोघी येऊन गेल्यावर. एकलीच आली व्हती काठी टेकत, भर उन्हाची. म्हणली, गणित माझ्या हातनं चुकलं. मी लय बोलले तिला. तोंडाला यील ते बोलले. सगळी गल्ली गोळा झाली. बसा म्हणलं न्हाई, पाणी दिलं न्हाई. समदं ऐकून घेतलं तिनं, आन तशीच गेली.”

रस्त्यावर टोळीच्या मुकादमानं हाक मारली. ट्रॅक्टर सुरू झाला. तिनं धाकट्याचं नाक पदरानं पुसलं, थोरल्याला त्याचा हात धरायला लावला आणि ट्रॉलीकडं निघाली. मला ती एक शब्दही बोलली नाही.